भिडूच्या चुका आधी लिहा

सत्र संपायच्या आठवड्यात आपल्या शाळांच्या स्टाफरूममध्ये एक छापील पुस्तिका हातोहात फिरत असते. वर्णनात्मक नोंदींची. ‘गटात आनंदाने सहभागी होतो’, ‘मित्रांना मदत करते’, ‘गटाचे नेतृत्व करतो’ अशा पंधरा-वीस ओळी पटावरच्या चाळीस मुलांना वाटून टाकल्या की काम संपलं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून मीही वर्षानुवर्षं हेच केलं. एका मुलीच्या पानावर मी सलग दोन वर्षं ‘गटाचे नेतृत्व करते’ असं लिहिलं होतं. ती पुढे दहावीला गेल्यावर एकदा म्हणाली, “सर, मी नेतृत्व नव्हते करत. बाकीचे कुणी काम करायचे नाहीत म्हणून मी एकटीच करायचे.”

गटकार्याला गुण देताना सगळ्यांची अडचण तीच होते. पाच मुलांचा प्रकल्प एकीच्या घरी होतो, तिचे काका प्रिंट काढून आणतात, फाईल सुंदर दिसते आणि पाचही जणांना दहापैकी आठ पडतात. दुसऱ्या गटात दोन भांडखोर आणि एक लिंबूटिंबू असतो. तिथला चांगला मुलगाही त्यांच्यासोबत बुडतो. आपण मुलाचं कौशल्य मोजत नाही, त्याचं गटवाटपातलं नशीब मोजतो.

यावरचा एक उपाय म्हणजे संगणकातला भिडू. मुलगा पडद्यासमोर बसतो, त्याच्या ‘गटात’ दोन-तीन बनावट सवंगडी असतात आणि त्यांच्याशी बोलत बोलत त्याला एक प्रश्न सोडवायचा असतो. वर्गातल्या प्रत्येकाला तेच सवंगडी मिळतात. ते तेच बोलतात, त्याच जागी चुकतात आणि त्याच जागी रुसतात. हे काम शाळेच्या पातळीवर कसं करायचं, ते या लेखात सांगतो. कल्पना ऐकायला महागडी वाटते, पण खर्चिक भाग संगणकाचा नाही, विचाराचा आहे.

ही पद्धत मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा वापरली गेली ती 2015 च्या पिसा चाचणीत. ओईसीडी या संघटनेची ही चाचणी पंधरा वर्षांच्या मुलांसाठी असते. त्या वर्षी 52 देश-प्रदेशांतल्या सुमारे सव्वा लाख मुलांनी सहकार्याने प्रश्न सोडवण्याचा हा भाग दिला. भारत त्यात नव्हता. नमुन्यादाखल खुला केलेला प्रश्नसंच ‘झांडार’ नावाच्या काल्पनिक देशाचा होता. विद्यार्थी, ॲलिस आणि झॅक अशा तिघांच्या गटाला या देशाचा भूगोल, तिथले लोक आणि तिथलं अर्थकारण यांवरचे प्रश्न स्पर्धेत सोडवायचे. ॲलिस आणि झॅक म्हणजे संगणकच. देश मुद्दाम काल्पनिक घेतला, म्हणजे घरी नकाशे असलेल्या मुलाला त्याचा फायदा नाही. खरा कस लागत होता तो कामं वाटून घेताना, मतभेद झाले तेव्हा आणि कुठवर आलो हे एकमेकांना विचारताना. मुलाने मनाने टाइप करायचं नव्हतं. प्रत्येक वळणावर तीन-चार तयार वाक्यं यायची, त्यांतलं एक निवडायचं.

निकाल 2017 च्या नोव्हेंबरात आले. सिंगापूर 561 गुणांनी पहिलं होतं. ओईसीडी देशांची सरासरी 500 धरली होती आणि सर्वांत वरच्या पातळीला सरासरी आठ टक्केच मुलं पोचली. मला अधिक लक्षात राहिली ती दुसरी गोष्ट. भाग घेतलेल्या प्रत्येक देशात मुली मुलांच्या पुढे होत्या, सरासरी 29 गुणांनी. त्या चाचणीच्या तीन वर्षं आधी, 2012 मध्ये, एकट्याने प्रश्न सोडवण्याची चाचणी झाली होती तेव्हा मुलगे सरासरीने थोडे पुढे होते. म्हणजे एकट्याने सोडवणं आणि मिळून सोडवणं यांत काहीतरी खरोखरच वेगळं आहे.

उलट बाजूने जाणारा प्रयोगही झालेला आहे. मेलबर्न विद्यापीठात पॅट्रिक ग्रिफिन यांच्या गटाने दोन खऱ्या मुलांना दोन वेगळ्या संगणकांवर बसवलं. दोघांसमोर पडद्यावर एकेक विदूषकाचं यंत्र आणि त्यात टाकायला दोघांत मिळून बारा चेंडू. दोघांचे विदूषक सारखेच चालतात का, हे चॅटवर बोलून ठरवायचं. यात संवाद खरा होतो, यात शंका नाही. पण जोडीदार कंटाळून उठला की तुमची परीक्षा तिथेच बसते. गटवाटपातलं नशीब मागच्या दाराने परत आत येतं.

मग बनावट भिडूशी बोलणं आणि खऱ्या वर्गमित्राशी बोलणं सारखं धरायचं का? सॅम्युअल ग्राइफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसाचेच प्रश्नसंच घेऊन हे तपासलं. काही मुलांना संगणकाचे भिडू दिले, तर काहींना खरे वर्गमित्र. कामगिरीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मात्र खऱ्या मित्रांशी बोलतानाही मुलांना तयार वाक्यांतूनच निवड करायची होती, हे विसरू नये. मोकळ्या गप्पांना आणि भांडणांना तिथे जागाच नव्हती.

आता आपल्या कामाकडे वळू.

शिक्षक पहिल्यांदा असा प्रश्नसंच लिहायला बसतात तेव्हा भिडूला हुशार करतात. तो माहिती देतो, सूचना देतो, शाबासकी देतो. अशा भिडूसोबत काहीच मोजता येत नाही. भिडू कुठे चुकतो, कुठे गप्प बसतो आणि कुठे घाई करतो, ते आधी कागदावर उतरवा. प्रश्न आणि गोष्ट नंतर लिहा. मूल्यमापन त्या चुकांच्या जागीच होतं. बाकी सगळं त्या जागेपर्यंत नेणारा रस्ता.

आठवीसाठी मी केलेला एक संच सविस्तर सांगतो. शाळेच्या टाकीचं पाणी दुपारी अडीच-तीनलाच संपतं. कारण शोधायचं आणि उपाय ठरवायचा. गटात विद्यार्थी, सानिका आणि रोहन. तिघांकडे तीन वेगळे कागद. विद्यार्थ्याच्या कागदावर आहे, टाकी 2000 लिटरची आणि शिपाईकाका ती रोज संध्याकाळी सहाला काठोकाठ भरून जातात. सानिकाकडे वापराचा हिशेब आहे. 240 मुलं, प्यायला आणि हात धुवायला दर मुलामागे 3 लिटर, पोषण आहाराच्या स्वयंपाकाला 250, स्वच्छतागृहांना 400. रोहनकडे एकच ओळ आहे, सकाळी सातला टाकीत 1400 लिटर असतं. तिन्ही कागद एकत्र आले तरच दिसतं की दिवसाचा वापर भरलेल्या टाकीत सहज भागला असता, पण रात्रभरात कुणी न वापरता 600 लिटर गेलं. गळती आहे किंवा कुणीतरी पाणी नेतंय. एकट्याच्या कागदावर कुणालाच हे सुटत नाही, आणि तसंच असायला हवं. एकट्याने सुटणारा प्रश्न या कामाला कुचकामी. वर्गातला हुशार मुलगा तो दोन मिनिटांत सोडवून हात वर करेल आणि तुमच्या हाती त्याचं गणित लागेल, सहकार्य लागणार नाही.

पहिली चूक रोहनची. तो सुरुवातीलाच म्हणतो, “पाचवीची पोरं नळ उघडे टाकतात. सरळ ‘पाणी वाचवा’ पोस्टर करू. चित्र मी काढतो.” विद्यार्थ्यापुढे चार वाक्यं येतात.

अ. छान! आपण एकजुटीने काम केलं तर काहीही शक्य आहे.

ब. पोस्टरने काही होत नाही. मी सांगतो तसं करा.

क. पोस्टर नंतर बघू. माझ्या कागदावर टाकीचं माप आहे. तुमच्या कागदांवर काय आहे?

ड. थांबा, मी आधी माझी माहिती नीट वाचतो.

अ हे वाक्य मुद्दाम घातलंय. रोज फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्या आपल्या मुलांना सुविचारासारखं वाजणारं वाक्य बरोबर वाटतं. पहिल्या खेपेला मी बरोबर उत्तरच गोड भाषेत लिहिलं होतं आणि जवळजवळ सगळा वर्ग पैकीच्या पैकी घेऊन गेला. एका मुलाला मी विचारलं, हेच का निवडलंस? तो म्हणाला, “सर, हे तुम्हाला आवडेल असं वाटलं.” त्या दिवसापासून माझा नियम ठरला. उपयोगाचं वाक्य साधं, जमलं तर थोडं रोखठोक लिहायचं आणि निरुपयोगी वाक्य गोड. वर क ला दोन गुण, ड ला एक, अ आणि ब ला शून्य. ड निवडणारं मूल चुकीचं नाही, फक्त अजून एकटं आहे.

दुसरी चूक सानिकाची, आणि माझ्या मते सगळ्या संचातली सर्वांत बोलकी. ती म्हणते, “240 गुणिले 3 म्हणजे 620. त्यात 250 आणि 400. एकूण 1270.” खरं उत्तर 720 आणि 1370. इथे पर्याय असे. अ, “बरं, पुढे जाऊ.” ब, “सानिका, 240 त्रिक किती? परत बघ जरा.” क, “मी एकूण 1370 धरतो, पुढे चला.” ड, “एवढा साधा गुणाकार येत नाही तुला?”

क निवडणाऱ्या मुलाचं उत्तर बरोबर आहे. लेखी परीक्षेत त्याला पूर्ण गुण पडले असते. पण त्याने चूक स्वतःपुरती दुरुस्त केली, सानिकाला कळवलीच नाही. ती अजून 1270 धरूनच चालली आहे. म्हणून इथे एकच गुण. गुण देण्याची ही रीत आपल्याला नवी आहे आणि पालकसभेत ती समजावून सांगावी लागते. ड वरून आमच्या प्रशिक्षणात दरवेळी वाद होतो. चूक धरली म्हणून एक गुण, असं काहींचं मत. सवंगड्याचा अपमान केला म्हणून शून्य, असं काहींचं. मी एक देतो, पण पुढच्या पडद्यावर सानिका गप्प होते आणि मुलाला सावरायची संधी मिळते. “सॉरी, आकडा सोपा नव्हता, पुढचं तू कर” असं काही तो निवडतो का, ते तिथे दिसतं.

तिसरी जागा शांततेची. पोस्टरची कल्पना बाजूला पडल्यावर रोहन काहीच बोलत नाही, आणि 1400 चा आकडा तर त्याच्याचकडे आहे. काही मुलं वाट बघतात, काही आकडा अंदाजाने घेतात, काही ‘सगळ्यांनी सहभागी व्हा’ असं मोघम बोलतात. थोडीच मुलं नाव घेऊन विचारतात, “रोहन, सकाळची पातळी तुझ्या कागदावर आहे का?”

आता एक तांत्रिक बाब, जी सुटली तर सगळं फसतं. मुलाने पहिल्या वळणावर काहीही निवडलं तरी दुसऱ्या वळणावर त्याला तीच परिस्थिती मिळाली पाहिजे. मुलाने चूक सोडून दिली तर दोन संवादांनंतर सानिकाच म्हणते, “अय्या, थांबा, 720 होतात!” आणि गाडी रुळावर येते. रोहनला कुणी विचारलं नाही तर शेवटी तो स्वतःच कागद पुढे करतो. असं केलं नाही तर एका जागी चुकलेलं मूल पुढे प्रत्येक ठिकाणी चुकत जातं आणि एकाच चुकीचा दंड पाच वेळा भरतं. पिसाच्या प्रश्नसंचांतही भिडूंना हे काम दिलेलं होतं. मुलाला कळू न देता ते त्याला मूळ वाटेवर आणायचे.

शेवटचा प्रश्न उपायाचा. रात्री पाणी जातंय, मग खात्री कशी करायची? टाकीचा मुख्य कॉक संध्याकाळी बंद करून सकाळी पातळी बघायची, असा विचार करणारी मुलं निघतात. तरीही पातळी उतरली तर टाकीच गळते, नाहीतर पाइप. एका मुलीने विचारलं होतं, “गळती असेल तर ती दिवसाही चालूच असणार ना?” हे माझ्या पर्यायांत नव्हतं. तयार वाक्यांच्या पद्धतीचा हाच तोटा. म्हणून शेवटी एक मोकळी चौकट ठेवा आणि ती स्वतः वाचा.

किती वळणं ठेवायची? पाच-सहा पुरेत. पंधरा मिनिटांच्या वर मुलं वाचत नाहीत, नुसती क्लिक करतात. पिसाच्या आराखड्यात बारा कौशल्यांची चौकट आहे. सहकार्याची तीन अंगं म्हणजे समज एकसारखी करणं, मिळून कृती करणं आणि गटाची घडी राखणं. त्यांना प्रश्न सोडवण्याचे चार टप्पे आडवे लावले की बारा घरं होतात. शाळेत बारांच्या मागे लागू नका. माहिती मागतो-देतो का, चूक दिसल्यावर सांगतो का, गप्प बसलेल्याला आत घेतो का, या तीन गोष्टी नीट पकडल्या तरी वर्षाचं काम झालं.

साधनं साधी. गूगल फॉर्ममध्ये निवडलेल्या उत्तरानुसार वेगळ्या विभागाकडे पाठवायची सोय आहे. तेवढ्यावर असा संच उभा राहतो. एक सावधगिरी, मुलं मागे जाऊन उत्तर बदलू शकतात, ते आधीच बजावा. नेट नसेल तर पॉवरपॉइंट किंवा लिब्रेऑफिसमध्ये प्रत्येक पर्यायाला पुढच्या स्लाइडची लिंक द्या. स्लाइड उत्तर साठवत नाही, म्हणून मुलाच्या हातात कागदाची पट्टी द्या. प्रत्येक वळणावर त्याने अ, ब, क, ड लिहायचं. आमच्याकडे चालू असलेले संगणक सहा होते आणि वर्ग 38 चा. दोन दिवस, खेळाचे तास वजा जाता, पुरले.

ए.आय. चॅटबॉटच भिडू केला तर? मोह होतो, कारण मग मूल मनातलं टाइप करू शकतं. पण गुण देण्यासाठी मी तो वापरणार नाही. तो प्रत्येक मुलाशी वेगळं बोलतो, म्हणजे सर्वांना समान भिडू हा मूळ फायदाच जातो. तो फार समजूतदारही असतो. रुसत नाही, हट्ट धरत नाही आणि मुलाने विचारलं तर सगळं कोडं स्वतःच सोडवून देतो. शिवाय वैयक्तिक डिजिटल माहितीच्या 2023 च्या कायद्यात अठराखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हा मुद्दा आहेच. संच लिहिताना मात्र चॅटबॉट कामाला येतो. ‘या जागी आठवीतला मुलगा चुकीचं काय काय म्हणेल’ असं विचारा, वीस वाक्यं घ्या, त्यातली सोळा फेकून द्या.

भाषेबद्दल थोडं थांबतो. पिसाच्या चाचणीतही सहकार्याचे गुण आणि वाचनाचे गुण बऱ्याच प्रमाणात हातात हात घालून चालले. आपल्याकडे घरी अहिराणी, पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलासमोर प्रमाण मराठीतले लांब संवाद ठेवले तर आपण त्याचं वाचन मोजू आणि नोंद करू ‘सहकार्य कमी’. संवाद दोन ओळींपेक्षा मोठा नको, सवंगडी बोलतील ते मुलांच्या बोलीत असू दे, जमलं तर आवाजात रेकॉर्ड करा. नावांकडेही बघा. आडनावं अजिबात नकोत. आणि गुणाकार चुकणारी नेहमी सानिकाच का? आम्ही अर्ध्या वर्गाला नावं अदलाबदल करून दिली. ‘एवढा साधा गुणाकार येत नाही’ हे कुणाला अधिक वेळा ऐकावं लागतं, ते बघण्यासारखं असतं.

संच वर्गाला देण्यापूर्वी तीन-चार मुलांना जवळ बसवून करायला लावा आणि मनातलं मोठ्याने बोलायला सांगा. माझ्या सगळ्या चुका मला तिथेच सापडल्या. आणि गुणपत्रिकेत हे गुण धरू नका, निदान पहिली दोन वर्षं तरी. पंधरा मिनिटांच्या एका संचावरून मुलाबद्दल काही ठरवणं धाडसाचं आहे. वर्षात तीन वेगळे संच झाले तर काहीतरी दिसायला लागतं.

पडद्यावरचा संच झाल्यावर आठवड्याने तसाच दुसरा प्रश्न कागदाच्या पत्त्यांवर, खऱ्या तिघांच्या गटात द्या. एका गटाजवळ दहा मिनिटं नुसते बसून ऐका. दोन्हीकडची नोंद जुळली तर उत्तम. जुळली नाही तर त्याहून उत्तम, कारण शिकवायची जागा तिथे सापडते. पडद्यावर कोण शेजारी बसलंय, कोण कुणाच्या डब्यातलं खात नाही, कुणाशी बोललं की बाकीचे हसतात, यातलं काहीच नसतं. वर्गात हे सगळं असतं.

पाण्याच्या संचात सानिकाला “परत बघ जरा” म्हणणारी एक मुलगी खऱ्या गटात मात्र शेजारच्या मुलाने टाकलेला चुकीचा आकडा मुकाट्याने उतरवून घेत होती. तास संपल्यावर मी तिला एकटीला विचारलं. तिच्या पानावर या वर्षी मी पुस्तिकेतली ओळ घातली नाही. लिहिलं ते असं: ‘संगणकावर चूक लगेच पकडते व सांगते. गटात चूक दिसली, सांगितली नाही. विचारल्यावर म्हणाली, तो चिडला असता. पुढचे दोन महिने वेगळ्या गटात बसवणे, हिशेब तपासण्याचे काम हिच्याकडे.’